सोळास नऊ

आन्सास आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं.
कोटाच्या आतल्या खिशातून डिस्क काढली,
रुमालात गुंडाळलेली.
म्हणाला, अजून एक प्रत हवी, हिच्यावर चरे पडलेत.
दोन हिवाळे रोज लावतोय.

लावली.
क्लायपेडाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली,
मग पलीकडची वाळू, धुरात टांगलेले मासे,
आणि सायकलवर एक बाई, उंच, किडकिडीत,
गालफडं बसलेली, तरी हसणारी.

मला सवय आहे, माणसांआधी मी गोल वस्तू शोधते.
बशी, घड्याळ, सापडलाच तर सूर्य.
इथे सायकलची चाकं होती
आणि दोन्ही अंड्यासारखी उभी.

चुकलंय हे, मी म्हटलं.
कॅमेऱ्यानं रुंद पाहिलं होतं, सोळास नऊ.
डिस्कवर ते दाबून भरावं लागतं,
आडवे सातशे वीस ठिपके, उभे पाचशे शहात्तर,
चित्र कसंही असो, ठिपके तेवढेच.
सोबत फक्त एक खूण जाते,
पाहणाऱ्या यंत्राला सांगते, एवढं उलगड.
कुणीतरी ती खूण चारास तीनवरच सोडली.
चतकोर रुंदी कमी दिसतेय सगळ्यांची.

"पुतण्यानं बनवली. दफनाच्या आदल्या रात्री."
मग बराच वेळ काही बोलला नाही.

"हे दोन हजार सहाचं. दुखणं कळलं आठ साली.
मला वाटलं, ती तेव्हाच वाळायला लागली होती
आणि मी कॅमेरा धरून उभा,
मला दिसलं नाही."

मी यंत्राकडे वळले. तेवढं तरी येतं मला.
काही कापलं नाही, काही जोडलं नाही,
एक खूण बदलली, पुन्हा लावलं.

उर्ते आली ती अंगभर आली.
खांदे, दंड, फुलाफुलांच्या झग्यात न मावणारं पोट,
सायकलची गादी बिचारी दिसेनाशी झालेली.
धुरातले मासेसुद्धा धष्टपुष्ट.
आन्सासनं खिशातून घडीची लाकडी पट्टी काढली.
चाळीस वर्षं जहाजांचं सुतारकाम केलेला माणूस,
त्यानं पडद्यावरच्या चाकाला पट्टी लावली,
आडवी, मग उभी.
अकरा.
अकरा.
मापात पाप नव्हतं.

"चतकोर," तो म्हणाला. "दोन वर्षं उपाशी ठेवलं तिला."

घरचा टीव्ही जुना, चौकोनी पेटी.
त्यावर वरखाली काळ्या पट्ट्या येतील, मी बजावलं.
त्याला ते पटेना. पैसे पूर्ण देऊन पडदा अर्धा?
कडा कापल्या तर पडदा भरेल, मी म्हटलं.
काप, तो म्हणाला.

मग कुठली कड किती जाईल ते बघत बसलो.
डावीकडे एक कुंपण जात होतं, दुसऱ्याच कुणाचा तरी कुत्रा.
उजवीकडे वाळूवर संध्याकाळची लांब सावली,
डोक्यावर टोपी, दोन्ही कोपर वर उचललेले.

हे कोण, मी विचारलं, आणि विचारता विचारता कळलं.

तासाभराच्या चित्रणात तो तेवढाच होता.
कापलेली उर्ते पडदाभर हसली असती,
पण कुणाकडे बघून, ते वाळूवर उरलं नसतं.

"पट्ट्या राहू देत," तो म्हणाला.

नवी डिस्क तयार झाली तेव्हा अंधारलं होतं.
जुनी टाकून देऊ का?
त्यानं ती पुन्हा रुमालात गुंडाळली, चारी टोकं नीट आत घेऊन.
"हिच्याशीही बोललोय मी."

तो गेल्यावर पाहिलं, काउंटरवर वर्तमानपत्राची पुडी,
तेलकट डाग पसरत चाललेली.
धुरी दिलेला मासा.
दिवा मालवण्याआधी मी उभ्यानेच खाल्ला.
काटे फार होते.